चौथी तार

वर्गीस मंडळी कोट्टयमला कायमची निघाली
तेव्हा सोफा, फ्रीज, कढीपत्त्याची कुंडी
आणि काचेच्या अंगाचा हा कॉम्प्युटर
तीन दिवसांत काढून मोकळी झाली.
कुंडी फुकट. कॉम्प्युटर पंचेचाळीस रियाल.

लिफ्ट बंद. शार्दूलने तो लेकरासारखा कवटाळून
चौथ्या मजल्यावर आणला.
बटण दाबलं, आणि सहाही पंखे
दावं तुटल्यागत सुटले.
दिवे मात्र तीनच लागले.
बाकीचे तिघे काळोखात गरगरत राहिले.

"होंडा रोडवर दे कुणालातरी,"
हे मरमूलहून फोनवर म्हणाले,
"पाच रियाल घेतील."
त्यांच्यामागे जनरेटर इतका घरघरत होता
की पाच ऐकू आलं की पंचवीस, कोण जाणे.
मी बरं म्हटलं
आणि लाटण्याच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढला.

रत्नागिरीच्या आयटीआयत बावीस मुलगे होते आणि मी.
सर्टिफिकेटवर छापलंय: वायरमन.
ते इथल्या फायलीत आहे,
लग्नाच्या दाखल्याच्या खाली.
व्हिसाला दाखलाच लागला.

शार्दूल दिव्याची पिन
भलत्याच खोबणीत दाबायला निघाला होता.
मी मनगट धरलं.
चार पिना सलग उभ्या, ते बारा व्होल्ट.
जिथे एकीची जागा रिकामी सोडलीय, ते पाच.
चुकलास तर ठिणगीसुद्धा दिसणार नाही,
दिवा नुसता जाईल.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू आईला अचानक अरबी यायला लागलं.

दहाला तो झोपला. त्या घोंगाटात.
मी फरशीवर मांडी घालून बसले,
मोबाईलचा टॉर्च दातात धरून.
रूवीची वाळू आत कुठवर पोचली होती!
पात्यांवर पिठासारखी,
जुना रंगाचा ब्रश फिरवला तर हात तपकिरी.

हे दिवे माळेतले.
पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला.
तिसऱ्याने पुढे सांगितलंच नाही
म्हणून चौथा, पाचवा, सहावा
काही बिघडलेलं नसताना अंधारात.
तिसऱ्याच्या टोकाशी एक पिन
मान मुडपून आत गेली होती.
भुवयांच्या चिमट्याने ओढून सरळ केली.
जांभळा, मग हिरवा,
मग सगळी फरशी लग्नाच्या मांडवासारखी.
मी पटकन स्वयंपाकघराचं दार लोटलं,
पोरगा उठेल म्हणून.

वेग राहिला.
सेटिंगमध्ये शिरून आकडे उतरवले, चढवले,
पंखे ढिम्म ऐकेनात.
पॉवर येत होती, ताकद होती, फिरणं होतं.
मागचं पत्र्याचं झाकण उघडलं तर
वर्गीसच्या मुलाने नीटनेटक्या बांधलेल्या तारांमध्ये
एक बारीक वायर, प्लॅस्टिकच्या पट्टीत गुंडाळलेली,
कुठेच न लावलेली.

हळू हो म्हणायचं ते हिच्यातून म्हणायचं.
हिच्यातून काहीच आलं नाही
तर पंखा थांबत नाही.
त्याला वाटतं, आग लागली असेल.
तो जीव तोडून पळतो.

मी ती वायर हातात धरून
किती वेळ बसले माहीत नाही.
तीन आठवडे मरमूल, एक आठवडा घर.
तीन आठवड्यांत मी गाद्या उन्हात घालते,
गाळलेली डाळ पुन्हा गाळते,
शाळेच्या वह्यांना दोनदा कव्हर घालते.

लावली. टिक् असा आवाज आला.
चाळीस अंशांपर्यंत सावकाश,
सत्तरनंतर हवं तेवढं धाव, असं ठरवून दिलं.
पंखे एकेक करून उतरले,
आणि खोलीत इतर आवाज परत आले:
बाल्कनीत एसीच्या पाण्याची धार,
खाली कुणीतरी करकचा ग्लास आपटून ठेवला,
डोंगराकडून एक गाढव.

आतून शार्दूल झोपेतच म्हणाला,
"आई, बंद पडला का गं?"

नाही रे. चालू आहे.
ये, हात लावून बघ.